सिगारेट, मोबाईल आणि पौगंडावस्था : एका गृहीतकाची पंचवीस वर्षे

१/
१७ जून २०२४ रोजी अमेरिकेचे तत्कालीन सर्जन जनरल विवेक मूर्ती यांनी एका लेखातून मागणी केली, की सिगारेटच्या पाकिटावर असतो तसा धोक्याचा इशारा समाजमाध्यमांवरही दिसावा. किशोरवयीन मुलांच्या मनःस्वास्थ्याची चिंता हे त्यामागचे कारण. हातातला मोबाईल आणि बोटांतली सिगारेट यांची अशी तुलना आज कोणालाही खटकत नाही. याच दोन वस्तू सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात समोरासमोर उभ्या केल्या गेल्या होत्या. तेव्हा मात्र मोबाईल आरोपीच्या पिंजऱ्यात नव्हता. तो सिगारेटवरचा उतारा म्हणून सादर झाला होता.

हा धागा त्या उताऱ्याविषयी.

२/
४ नोव्हेंबर २०००. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'च्या अंकात एक छोटेसे पत्र प्रसिद्ध झाले. लिहिणारे दोघे : कर्करोगविषयक आरोग्यशिक्षणाच्या ज्येष्ठ अभ्यासक ॲन चार्लटन आणि धूम्रपानविरोधी 'ॲश' या संस्थेचे संचालक क्लाइव्ह बेट्स. ब्रिटनमधील १५ वर्षांच्या मुलामुलींत धूम्रपानाचे प्रमाण १९९६ मध्ये ३० टक्के होते. १९९९ मध्ये ते २३ टक्क्यांवर उतरले. नेमक्या त्याच काळात किशोरांच्या खिशात मोबाईल आले. ऑगस्ट २००० पर्यंत १५ ते १७ वयोगटातील सुमारे ७० टक्के मुलांकडे स्वतःचा फोन होता. एक रेषा खाली जाते, दुसरी वर चढते. या दोन रेषांचा परस्परांशी काही संबंध असावा काय, असा प्रश्न त्या पत्राने विचारला. शीर्षकातच 'गृहीतक' हा शब्द घालण्याइतके लेखक सावध होते. वृत्तपत्रांनी अर्थातच तेवढी सावधगिरी बाळगली नाही.

३/
त्यांचा युक्तिवाद दुहेरी होता. पहिला भाग पैशाचा. पंधरा वर्षांच्या मुलाला मिळणारा खाऊचा पैसा मर्यादित असतो. तो रिचार्ज कार्डावर गेला, तर सिगारेटच्या पाकिटासाठी उरत नाही.

दुसरा भाग अधिक मार्मिक आहे. किशोरवयीन मूल सिगारेट का ओढते? निकोटिनची ओढ नंतर येते. आरंभी हवे असते ते मोठे झाल्याचे चिन्ह, घरच्यांपासून थोडे वेगळेपण, आणि मित्रांच्या टोळक्यात शिरण्याचा परवाना. हे सारे मोबाईलही देतो. हातात काहीतरी चाळवायला हवे, ही गरजही तो भागवतो. शिवाय मोबाईल कंपन्यांच्या जाहिराती स्वातंत्र्य, ऐट आणि व्यक्तिमत्त्व यांचीच भाषा बोलत होत्या, जी तोवर सिगारेट कंपन्यांची मिरासदारी होती.

४/
हा मुद्दा त्या काळात इतका पटण्याजोगा का वाटला, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

मोबाईल मुळात मुलांसाठी बनलेलाच नव्हता. १ जुलै १९९१ रोजी फिनलंडमध्ये हॅरी होल्केरी यांनी जगातील पहिला व्यावसायिक जीएसएम कॉल केला. ते त्या देशाचे माजी पंतप्रधान. ग्राहक म्हणून कंपन्यांच्या डोळ्यांसमोर होते ते असेच लोक : व्यापारी, अधिकारी, गाडीतून फिरणारे विक्रेते. शाळकरी मुलांचा विचार त्या आराखड्यात कुठेही नव्हता.

५/
संदेशसेवेचेही तसेच. १९८५ मध्ये जर्मनीतील बॉन शहरात फ्रीडहेल्म हिलेब्रांड हे अभियंते टंकलेखन यंत्रापुढे बसून सुचतील ती वाक्ये टंकत होते आणि प्रत्येकातील अक्षरे मोजत होते. बहुतेक वाक्ये १६० अक्षरांच्या आत संपत, म्हणून एसएमएसची मर्यादा १६० ठरली. ३ डिसेंबर १९९२ रोजी नील पॅपवर्थ या तरुण अभियंत्याने संगणकावरून नाताळच्या शुभेच्छांचा पहिला एसएमएस धाडला. संगणकावरून, कारण तेव्हाच्या फोनवर संदेश लिहिण्याची सोयच नव्हती.

पुढे या सेवेचे खरे मालक झाले ते किशोर. कारण साधे होते : बोलणे महाग, संदेश स्वस्त. आणि संदेश लिहिताना आवाज होत नाही. वर्गात, जेवणाच्या टेबलावर, पांघरुणाखाली, कुठेही तो लिहिता येतो. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात करार किंवा मासिक बिलाविना चालणारी प्रीपेड कार्डे आली आणि पालकांच्या सहीची गरजही संपली. १९९९ मध्ये ब्रिटनमधील निरनिराळ्या कंपन्यांच्या ग्राहकांना एकमेकांना संदेश पाठवता येऊ लागले. चार्लटन आणि बेट्स यांचे पत्र आले ते या उसळीच्या ऐन भरात.

६/
या पत्रातील कच्चा दुवा इतिहासाच्या विद्यार्थ्याला लगेच दिसेल. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या, म्हणून एकीमुळे दुसरी घडली असे ठरत नाही. ब्रिटनमध्ये १९९३ पासून २००० पर्यंत तंबाखूवरील कर दरवर्षी महागाईच्या दरापेक्षा अधिक वेगाने वाढवण्याचे धोरण होते. सिगारेट महागत होती, आणि महाग वस्तू सर्वांत आधी मुलांच्या आवाक्याबाहेर जाते. मग श्रेय फोनचे की कराचे? निव्वळ दोन रेषांच्या आलेखावरून याचे उत्तर मिळणे शक्य नव्हते. त्यासाठी एकेका मुलाला दोन्ही प्रश्न विचारायला हवे होते : तू फोन किती वापरतोस, आणि सिगारेट किती ओढतोस?

७/
ही सोय एका देशाकडे आयती होती. फिनलंडमध्ये १९७७ पासून दर दोन वर्षांनी १२, १४, १६ आणि १८ वर्षांच्या मुलांचे आरोग्य आणि जीवनशैली यांविषयी देशव्यापी सर्वेक्षण होत असे. त्याच देशात मुलांच्या हाती मोबाईल इतर जगाच्या आधी आला होता. २००१ च्या फेरीत प्रश्नावलीत मोबाईलचाही समावेश होता. लीना कोइवुसिल्टा, टोमी लिंटोनेन आणि आर्या रिंपेला यांनी उत्तरे तपासली आणि २००३ मध्ये, त्याच ब्रिटिश नियतकालिकात, निष्कर्ष मांडला.

मोबाईलने सिगारेटची जागा घेतलेली नव्हती. उलट, जी मुले फोन अधिक वापरत, तीच अधिक धूम्रपान करत होती. दोन वर्षांनी आलेल्या त्यांच्या सविस्तर निबंधात मद्यपानाचीही हीच गत दिसली.

८/
याचा अर्थ फोनमुळे मुले बिघडली, असा नव्हे. तो काढणे म्हणजे चार्लटन-बेट्स यांचीच चूक उलट्या दिशेने करणे. फोन अधिक वाजतो कोणाचा? ज्याचे मित्र अधिक, ज्याच्या खिशात पैसे अधिक, ज्याच्या संध्याकाळी घराबाहेर जातात, त्याचा. सिगारेटही त्याच संध्याकाळी भेटते. दोन्ही वस्तू एकाच जीवनक्रमाच्या खुणा होत्या.

गृहीतक पडले. तरीही त्या पत्रातील एक निरीक्षण शाबूत राहिले, आणि पुढचा सारा इतिहास त्याच्यावरच उभा आहे : किशोरवयीन मुलाच्या भावविश्वात मोबाईलने अशी जागा मिळवली होती, जिथे डॉक्टर, शिक्षक किंवा सरकारी भित्तिपत्रक कधीच पोहोचले नव्हते. यंत्र आपोआप कोणाला निरोगी करणार नव्हते. त्या जागेत जाऊन कोणी काही बोलले तर?

९/
असे बोलून पाहिले न्यूझीलंडने. ऑकलंड विद्यापीठातील संशोधकांनी सिगारेट सोडू इच्छिणारे, १५ वर्षांवरील आणि स्वतःचा मोबाईल असलेले १७०५ जण निवडले. सहभागींत तरुणांचा भरणा होता. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची दोन गटांत विभागणी झाली. एका गटाला सिगारेट सोडण्यासाठी नियमित संदेश जात. केवळ उपदेशाचे नव्हेत. खेळ, फॅशन, गमतीची माहिती असेही, कारण तलफ काही मिनिटांची असते आणि तेवढा वेळ मन दुसरीकडे गुंतवणे हीच युक्ती. सोबत सिगारेट सोडणारा एखादा जोडीदार मिळे. आणि सोडण्याच्या दिवसापासून महिनाभर संदेश पाठवणे फुकट! तरुण वापरकर्त्याची नस याहून अचूक कोणी पकडली नसेल.

१०/
सहा आठवड्यांनी संदेश मिळालेल्या गटातील २८ टक्के लोकांनी सिगारेट सोडल्याचे सांगितले. दुसऱ्या गटातील १३ टक्के. २००५ मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला, आणि त्याचे शीर्षक मुलांच्या तोडक्या एसएमएस-भाषेत होते : 'डू यू स्मोक आफ्टर टेक्स्ट?', तेही 'यू'साठी एकच अक्षर आणि 'टेक्स्ट'मधला स्वर गाळून. गंभीर वैद्यकीय नियतकालिकाने ही लिपी छापावी, ही घटना आकड्यांइतकीच बोलकी आहे. मोठ्या माणसांनी मुलांना आपली भाषा शिकवण्याऐवजी त्यांची भाषा शिकायला घेतली होती.

अर्थात यातही खोट आहेच. ही आकडेवारी लोकांच्या स्वतःच्या सांगण्यावर आधारलेली होती, आणि सहा महिन्यांनंतरचे चित्र पुरेसे स्पष्ट राहिले नाही, कारण अनेकांशी संपर्कच तुटला. त्या शंकेचे निरसन व्हायला २०११ साल उजाडले. लंडनमधील संशोधकांनी 'टेक्स्ट-टू-स्टॉप' या प्रयोगात १६ वर्षांवरील ५८०० जणांना घेतले (त्यांत बहुतेक प्रौढ होते) आणि सोडल्याच्या दाव्याची लाळेच्या तपासणीने खातरजमा केली. सहा महिन्यांनी १०.७ टक्के विरुद्ध ४.९ टक्के. तलफ आली की एक शब्द पाठवायचा, लगेच धीराचा संदेश येणार. पुन्हा ओढली तरी दुसरा शब्द पाठवायचा, रागावणारे कोणी नाही.

११/
दरम्यान स्कॉटलंडमधील डंडी शहरात वेगळाच प्रयोग झाला होता. 'स्वीट टॉक' हे त्याचे नाव. ८ ते १८ वयाची, टाइप १ मधुमेह असलेली ९२ मुले त्यात होती. या मुलांना रोज इन्सुलिन टोचून घ्यावे लागते, रक्तातील साखर मोजावी लागते, वाढदिवसाच्या केकपुढे हिशेब करावा लागतो. आणि पौगंडावस्थेत नेमका या साऱ्याचा कंटाळा येतो. दवाखान्यात मुलाने स्वतः ठरवलेल्या उद्दिष्टाला अनुसरून त्याच्या फोनवर संदेश येत.

निकाल विचारात पाडणारा होता. ८२ टक्के मुलांना वाटले की आपण आजार अधिक चांगला सांभाळतो आहोत. ९० टक्क्यांना संदेश पुढेही हवे होते. परंतु जुन्याच पद्धतीचे इन्सुलिन उपचार चालू असलेल्या मुलांची रक्तशर्करा केवळ संदेशांनी सुधारली नाही. ती सुधारली त्या गटात, जिथे संदेशांसोबत अधिक काटेकोर इन्सुलिन उपचारही दिले गेले. संदेश हा औषधाचा सोबती ठरला. औषधाच्या जागी तो बसू शकला नाही. आरोग्य-ॲपचे आजचे विक्रेते हा निष्कर्ष क्वचितच आठवतात.

१२/
आता लाजेचा प्रश्न. २००६ मध्ये सॅन फ्रान्सिस्को शहराच्या आरोग्य विभागाच्या सहभागाने 'सेक्सइन्फो' ही एसएमएस सेवा सुरू झाली. तरुणांमधील गुप्तरोगांचे वाढते प्रमाण हे त्यामागचे निमित्त. सेवेला संदेश पाठवला की अक्षर-अंकांची यादी येई : निरोध फाटला असेल तर 'ए१', आणि अशाच पुढच्या अडचणींना पुढचे संकेत. उत्तरात थोडक्यात सल्ला आणि जवळच्या दवाखान्याचा पत्ता. पहिल्या २५ आठवड्यांत साडेचार हजारांहून अधिक विचारणा झाल्या. जो प्रश्न तोंडाने विचारताना शब्द फुटत नाही, तो दोन अक्षरांत विचारता येत होता.

१३/
हाच लाजेचा प्रश्न त्या सुमारास भारतात, आणि विशेषतः महाराष्ट्रात, राजकीय झाला होता. एड्सच्या पार्श्वभूमीवर केंद्र सरकारने शाळांसाठी किशोरशिक्षणाचा कार्यक्रम आखला. २००७ मध्ये विधिमंडळांतून आणि रस्त्यांवरून त्याविरुद्ध गदारोळ उठला आणि महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी तो थांबवला. वर्गाचे दार बंद झाले. मोबाईलचे दार त्याआधीच किलकिले झाले होते.

१ डिसेंबर २००५ रोजी, जागतिक एड्स दिनी, दिल्लीच्या 'झेडएमक्यू' या कंपनीने मोबाईलवर खेळायचे एचआयव्हीविषयक खेळ आणले होते. त्यांतल्या एकाचे नाव 'सेफ्टी क्रिकेट'. काळ्यापांढऱ्या पडद्यांचे ते दिवस. मुलगा बसस्टॉपवर उभा राहून धावा काढतो आहे असेच बघणाऱ्याला वाटावे, आणि डाव चालला असावा सुरक्षित आणि असुरक्षित वर्तनाच्या ज्ञानाचा!

१४/
ऑगस्ट २००८ मध्ये 'बीबीसी वर्ल्ड सर्व्हिस ट्रस्ट'ने त्याहून धीट पाऊल टाकले : एक रिंगटोन. वाद्य एकही नाही, केवळ माणसांचे आवाज, आणि गाण्याचा शब्द एकच : 'कंडोम'. मोबाईल चारचौघांत वाजतो हा त्याचा दोष मानला जाई. येथे तोच गुण ठरला. औषधाच्या दुकानात जो शब्द खालच्या आवाजात उच्चारला जाई, तो लोकलच्या डब्यात कोणाच्याही खिशातून सुरात वाजू शकत होता. लोक हसले. ज्या शब्दाला हसता येते त्याची भीती कमी होते, हा त्या मोहिमेचा हिशेब होता.

१५/
ब्रिटनमधील मूळ गृहीतक भारतात लागू पडले असते काय? पैशाच्या बाजूने तरी नाही. तेथे रिचार्ज आणि सिगारेटचे पाकीट यांत निवड करावी लागे. येथे दोन्ही एकाच पानटपरीवर मिळत : बरणीत सुट्या सिगारेटी, दोरीला गुटख्याच्या पुड्यांच्या माळा आणि त्याच फळीवर रिचार्जची कूपने. पुडी एक-दोन रुपयांत येई. इतक्या स्वस्त व्यसनाला फोनचा खर्च आडवा येण्याचे कारण नव्हते. महाराष्ट्रात जुलै २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली. तरी २०१९ च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणाच्या भारतातील फेरीत १३ ते १५ वयोगटातील ८.५ टक्के विद्यार्थी कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत असल्याचे आढळले.

१६/
पैशाच्या ओढाताणीतून भारतीय मुलांनी मात्र एक अस्सल शोध लावला. मिस्ड कॉल. २००३ पर्यंत आलेल्या कॉललाही पैसे पडत. त्यानंतर ते थांबले, पण करणाऱ्याचे पडतच राहिले. मग एक रिंग म्हणजे 'पोहोचलो', दोन म्हणजे 'खाली ये', असे संकेत महाविद्यालयांच्या आवारात रूढ झाले. न बोलता, न खर्चता केलेले हे संभाषण.

जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या साहाय्याने तंबाखूमुक्तीची मोबाईल सेवा सुरू केली, तेव्हा तिच्यात शिरण्याची वाट हीच ठेवली गेली : एका क्रमांकावर मिस्ड कॉल द्यायचा, पुढचे संदेश आपोआप येऊ लागतील. काही काळातच वीस लाखांहून अधिक लोकांनी नोंदणी केली. ऑकलंडने महिनाभर फुकट संदेश देऊन जे साधले, ते येथे न उचललेल्या फोनने साधले.

१७/
परंतु मिस्ड कॉल देण्यासाठीही फोन हाती असावा लागतो.

त्याच हिवाळ्यात, फेब्रुवारी २०१६ मध्ये, गुजरातमधील मेहसाणा जिल्ह्यातील सूरज नावाच्या गावाने अविवाहित मुलींना मोबाईल वापरण्यास बंदी केली. दंड २१०० रुपये. मुली बिघडतात, अभ्यासावरून लक्ष उडते, ही कारणे दिली गेली. मुलांसाठी असा नियम नव्हता. सरकार फोनवरून आरोग्य पोहोचवू पाहत होते, आणि गाव फोनच काढून घेत होते. दोघेही आपण मुलींच्या भल्याचेच करतो असे मानत होते.

१८/
या धाग्यातील प्रत्येक यशस्वी प्रयोग एका गोष्टीवर उभा होता, जिचा उल्लेख त्या निबंधांत अगदी ओझरता येतो, कारण तेथे ती गृहीतच होती : फोन त्या मुलाचा स्वतःचा होता. ऑकलंडच्या प्रयोगात शिरण्याची ती अटच होती. डंडीच्या मुलीला आलेला संदेश तिच्याच हातात येई. सॅन फ्रान्सिस्कोतील 'ए१' पाठवल्यावर येणारे उत्तर आई वाचणार नव्हती.

१९/
भारत सरकारच्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाला २०१४ मध्ये आरंभ झाला. २०१७ मध्ये त्याच्या जोडीला 'साथिया सलाह' हे ॲप आणि मोफत दूरध्वनी सेवा आली. हेतू असा, की दवाखान्यात किंवा आशाताईंपुढे बोलायला लाजणाऱ्या मुलामुलींनी फोनवर विचारावे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांना विचारले, की तुम्ही स्वतः वापरता असा मोबाईल तुमच्याकडे आहे काय? सुमारे ५४ टक्के स्त्रियांनी होय म्हटले. महाराष्ट्राचा आकडाही याच्या आसपासच होता. उरलेल्या घरांत फोन वडिलांच्या खिशात असतो किंवा भावाच्या उशाशी. तो मागून घेता येतो, मैत्रिणीला गृहपाठ विचारण्यापुरता. पाळी चुकल्याचा प्रश्न त्या पडद्यावर लिहिला जात नाही.